ओरखड्याची टाइल

रखमीला राग आला की ती भांडत नसे, घासत असे. पातेल्याचा तळ, मोरीचा कोपरा, खिडकीचे गज, जे हाताला लागेल ते. सरावलीच्या पाड्यावर तिचा भाऊ लाहू शेजारच्याच झोपडीत राहायचा. त्याची बायको तानी म्हणायची, "आज रखमीच्या टोपात तोंड दिसतंय, म्हंजे कायतरी बिनसलंय." आणि खरोखरच काहीतरी बिनसलेलं असायचं. नवरा गेला तेव्हाही ती रडली कमी आणि तांब्या-पितळेला घासत बसली जास्त, असं पाड्यावर अजून सांगतात.

अशा बाईच्या हाती काचेची भिंत आली. २०१५ सालची गोष्ट. डहाणूत समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्यात ती धुणं-भांडी-लादी करायची. घरच्या बाईंना सगळे शेठाणी म्हणायचे. जन्माच्या शेठाणी नव्हत्या त्या. नवऱ्याचं चारोटीच्या नाक्यावर हॉटेल होतं, हायवेच्या गाड्या थांबू लागल्या, हॉटेल चाललं, आणि चार वर्षांत बाईंच्या शेठाणी झाल्या. मग घर कसं जुनं चालेल? स्वयंपाकघर पार उखडलं आणि ओट्याच्या मागे पार छतापर्यंत काचेच्या टाइल्स लावल्या. वीतभर लांब, चार बोटं रुंद, समुद्राच्या पाण्यासारख्या हिरव्या. सकाळी खिडकीतून ऊन आलं की अख्खी भिंत पेटून उठायची. कुणी नवीन माणूस घरात आलं की शेठाणी त्याला आधी देवघर नाही, स्वयंपाकघर दाखवायच्या.

पण दिसायला सुंदर, सांभाळायला जिवाला घोर, असं ते प्रकरण होतं. समुद्र चार पावलांवर, त्यामुळे बोअरचं पाणी खारट आणि जड. भांडी विसळताना उडालेला एकेक थेंब वाळला की काचेवर पांढरा डाग. त्यावर फोडणीचा तेलकट धूर बसला की महिन्याभरात भिंत मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी.

पहिल्या महिन्यात रखमीने तिच्या बुद्धीप्रमाणे उपाय केला. पाड्यावर वीज जाते तेव्हा कंदील लागतो, आणि कंदिलाची काच घासायला चुलीतली चाळलेली राख लागते. आईने शिकवलं होतं, आजीने आईला शिकवलं होतं. काच म्हणजे काच, असं समजून तिने घरून राखेची पुडी नेली आणि ओट्याच्या वरच्या ओळीतल्या एका टाइलला लावून जोर केला. पहिल्याच फेऱ्यात कर्र आवाज आला. तिचा हात तिथेच थांबला. त्या आठवड्यात तानीने दोन्ही घरांच्या सामाईक चुलीत लाकडाऐवजी भाताचा तूस जाळला होता. लाकडाची राख पिठासारखी मऊ असते, तुसाची राख रेतीसारखी बोचते. पितळेला ती चालते, काचेला नाही. हे रखमीला ठाऊक होतं, पण पुडी बांधताना चुलीत काय जळलं ते तिने बघितलं नव्हतं. टाइलवर करंगळीएवढा, केसासारखे बारीक चार पदर असलेला ओरखडा उठला.

लपवता आला असता. मिक्सर दोन बोटं सरकवला असता तर वर्षभर कुणाला दिसला नसता. पण रखमी हात पुसून सरळ दिवाणखान्यात गेली आणि म्हणाली, "शेठाणी, माझ्याकडनं एक टाइल खराब झाली. राख लावली मी. चुकलं माझं."

खरं बोलल्याचं बक्षीस तिला दोन वर्षं मिळत राहिलं. जो पाहुणा येईल त्याला शेठाणी ती टाइल बोटाने दाखवायच्या. "हे बघा, आमच्या रखमीने राख फासली! इटालियन काचेला! आता काय बोलणार, जंगलातून आलेली माणसं." पाहुणे हसायचे. रखमी तिथेच सिंकपाशी उभी असायची, कानात तापलेलं तेल ओतल्यासारखं तिला ते ऐकावं लागायचं. तेव्हाच तिने मनाशी गाठ मारली, की ह्या घरात पुन्हा तोंड उघडून काही सांगायचं नाही.

तीच गाठ पुढे तिच्या गळ्याशी आली.

भिंत बसवणारा मिस्त्री देवजी तलासरीकडचा. पावसाळ्याआधी खिडकीची कड भरायला तो आला तेव्हा रखमीने हळूच विचारलं, हे पांढरे डाग जावेत कसे? शेठाणींनी मुंबईहून आणलेल्या निळ्या बाटलीने काच नुसती चिकट होत होती. देवजी म्हणाला, "ॲसिड लावू नको. काचेला काय नाय व्हायचं, पण दोन टाइल्सच्या मधला सिमेंटचा सांधा खाऊन टाकेल ते. तारेची घासणी तर हातात पण घेऊ नको. सिरका लाव, पाणी घालून."

"सिरका म्हंजे?"

"आंबट पाणी गं. तुझ्या भावाची ताडी पंधरा दिवस तशीच ठेव, होईल सिरका."

लाहू ताडावर चढायचा. त्याच्याकडे ताडीला काय तोटा? रखमीने एक मडकं कोपऱ्यात ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं, आणि वीस दिवसांनी पाहिलं तर नाकात झणका बसला. दोनदा फडक्यातून गाळून तिने ते बाटलीत भरलं आणि बंगल्यात कपड्यांच्या मशिनच्या मागे नेऊन ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. पण ज्या घरात राखेचा ओरखडा दोन वर्षं पुरतो, त्या घरात ताडीचं नाव काढायची छाती कुणाची आहे?

काम करायची तिची रीत ठरून गेली. एक वाटी आंबट, तीन वाट्या पाणी. जुन्या लुगड्याचा मऊ फडका त्यात बुडवून पिळायचा आणि काचेवरून फिरवायचा, सांध्यावर थांबायचं नाही. पाच मिनिटांनी साध्या पाण्याचा फडका. पण ते साधं पाणी बोअरचं असेल तर डाग परत हजर, म्हणून तिने आणखी एक युक्ती शोधली. एसीच्या नळीतून बाहेर बादलीत थेंबथेंब पाणी पडायचं. ते वाळलं तरी डाग राहात नाही हे तिने बादलीच्या कडेवरून ताडलं होतं. तेच ती वापरायची. मग कोरडा फडका. आणि शेवटी, प्रत्येक टाइलशी तोंड नेऊन एक 'हा' करायची. श्वासाची वाफ काचेवर बसते. काच स्वच्छ असेल तर वाफ कडेपासून मधोमध एकसारखी उडून जाते. कुठे क्षार राहिला असेल तर तिथे ठिपका मागे राहतो. ठिपका दिसला की पुन्हा फडका. आठवड्यातून एकदा ती अख्ख्या भिंतीला असा आपला श्वास लावायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं तरी त्याचा तिला मनातून अभिमान होता.

भिंत झळकायला लागली. आळीतल्या बायका विचारायच्या, "काय वापरता हो?" शेठाणी म्हणायच्या, "बाहेरचं लिक्विड आहे, माझा भाचा पाठवतो." आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर ह्या बाईंनीच. रखमी मनात म्हणायची, काय वाईट आहे, भिंत तरी चांगली राहते.

२०१९ च्या संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. आळीतल्या आठ जणी आल्या होत्या. सगळ्या स्वयंपाकघरात, भिंतीसमोर, वाटीतला तिळगूळ चघळत. रखमीने नुकतीच भिंत पुसून संपवली होती. तिचे हात, पदर, सगळं ओलं. तेवढ्यात त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाक फेंदारलं. "वास कसला येतोय गं? ताडीसारखा?"

आठही नाकं वर झाली. शेठाणी वासाचा माग काढत मशिनपाशी गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. बूच काढलं. आता जे आंबून सिरका झालंय त्याला ताडीचा वास येणारच, हे कुणालाही कळतं. पण शेठाणींना काय, बाटलीत ताडी आणि घरात आदिवासी बाई, हिशेब संपला.

"पिऊन येतेस तू? माझ्या घरात बाटली ठेवतेस?"

"नाय शेठाणी, ते भिंतीला..."

"भिंतीला! भिंत पिते का ताडी?" कुणीतरी फिसकन हसलं. शेठाणींना त्या हसण्याचा जोर आला. "तोंड उघड. फुंक मार माझ्याकडे. मार म्हणते ना!"

आणि रखमीने फुंक मारली.

तोच क्षण तिला पुढे चैन पडू देईना. शेठाणी बोलल्या ते तर बोलल्याच, पण आपण का तोंड उघडलं? चार वर्षं जो श्वास ह्या काचेवर टाकला, तो आठ बायकांपुढे त्या बाईच्या नाकाखाली का नेला? शाळेतल्या पोराने हात पुढे करावा तसं तोंड पुढे केलं आपण. तिच्या पदराला, हातांना, सगळ्या अंगालाच सिरक्याचा वास येत होता. शेठाणींनी नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "येतोय की." निकाल लागला. वर आणखी शेठाणींनी त्या टाइलवर बोट ठेवलं. "तेव्हाच ओळखायला हवं होतं. नशेतच केलं असणार हे पण."

रखमीने फडका ओट्यावर ठेवला, चपला घातल्या आणि निघाली. फाटकापर्यंत पोचेस्तोवर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन दिवसांत ती काम करायची त्या आळीतल्या दुसऱ्या दोन घरांनीही सांगितलं, उद्यापासून नको. कारण काय ते कुणी सांगितलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

पाड्यावर लाहूला सांगितलं तर तो हसला. "मंग काय झालं? आपण पितोच ना?"

"पितो!" रखमी कडाडली. "लग्नाला पिते मी, देवाला दाखवून पिते, तुझ्या पोराच्या नावाच्या दिवशी तुझ्या समोर बसून प्यायले. कामावर कधी प्यायले? सांग! आपण पितो म्हणून कुणीपण उठून आपलं तोंड हुंगायचं काय? त्यांच्या हॉटेलात रात्रंदिवस दारू वाहते, त्यांच्या तोंडाला कोण नाक लावतो?"

लाहूचं हसू गेलं. तानीने पितळेचा टोप पुढे सरकवला. त्या रात्री तो टोप सोन्यासारखा पिवळा झाला, आणि रखमीची बोटं सोलवटली.

ती चिकूच्या वाडीत जायला लागली. झाडाखाली बसून चिकू निवडायचे, लहान-मोठे वेगळे करायचे. काम वाईट नव्हतं. पण शेजारी बसलेल्या बायकांत बोलणं निघायचं, "ही ती, बंगल्यात पिऊन जायची ती." ज्या बायकांनी कधी तो बंगला पाहिला नाही, त्यांच्याही तोंडी ते गेलं होतं. सकाळी जागेवर बसली की आजूबाजूच्या दोघी जरा अंग आखडून घ्यायच्या, आणि रखमी मान खाली घालून चिकू चोळत राहायची.

इकडे शेठाणींनी नवी बाई ठेवली. तिला त्यांनी स्वतः ॲसिडची बाटली आणि तारेची घासणी आणून दिली, की बाई, जोर लावून घास. तिने लावला जोर. तीन महिन्यांत सांधे पिवळे पडून भुसभुशीत झाले, दोन टाइल्स निसटून ओट्यावर पडल्या, मिक्सरच्या अडचणीमुळे वाचलेली ओरखड्याची ती एक सोडून उरलेल्यांवर घासणीच्या रेघाच रेघा आणि रेघांत पांढरा क्षार. शेठाणींनी देवजीला बोलावलं. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "हे कोणी केलं? रखमीला तर मी सिरका लावायला सांगितला होता. ताडीचाच सिरका. त्याच्यावर तर भिंत टिकली तुमची."

हे देवजीनेच रखमीला सांगितलं. विवळवेढ्याच्या यात्रेत, महालक्ष्मीच्या देवळापुढे ती तानीबरोबर नारळ घेत होती तेव्हा. "मी सांगितलं त्यांना. तोंड एवढंसं झालं बाईचं."

"मंग काय म्हणाली?"

देवजीने खांदे उडवले. "काय म्हणणार? बरं म्हणाली."

वैशाखात बोलावणं आलं. शेठाणींच्या मुलाचा साखरपुडा घरातच ठरला होता, मुलीकडची माणसं त्याच संध्याकाळी येणार होती, आणि दाखवायला भिंत नव्हती. निरोप असा होता, की झालं गेलं विसर, ये, तुझ्यासाठी साडी घेऊन ठेवलीय.

"जाशील?" तानीने विचारलं.

"जाते," रखमी म्हणाली. तिने कोपऱ्यातलं मडकं उघडलं, सिरका गाळला आणि पारदर्शक बाटलीत भरला. पिशवीत नाही घातली. हातात धरून, आळीतून भर दुपारी, दोन्ही बाजूच्या खिडक्यांसमोरून ती चालत गेली. बघू दे की सगळ्यांना, बघायचं असेल तर.

स्वयंपाकघरात शेठाणी होत्या आणि मदतीला आलेल्या डॉक्टरीणबाई. ओट्यावर नव्या साडीचा पुडा.

"आलीस? बरं झालं बाई. किती टेन्शन आलंय मला! देवजी बोलला मला सगळं, कळलं. आता जुनं काढत बसू नको हं. आधी हे बघ काय झालंय."

रखमीने पुड्याकडे पाहिलं नाही. "शेठाणी, त्या दिवशी इथं आठ जणी होत्या. त्या आठींना बोलवा आणि त्यांच्यासमोर सांगा, रखमी पिऊन नव्हती आली. मग सगळी भिंत पुसते. साडी नको मला."

"अगं, आज? पाहुणे यायचेत! नंतर बघू ना. मी काय मुद्दाम केलं का? वास आला म्हणून बोलले. कुणीही बोललं असतं."

"त्या दिवशी पण पाहुणेच होते."

"एवढ्याशा गोष्टीचं काय लावलंयस गं! मी आता त्यांना बोलावून माफी मागू का तुझी?"

"हां," रखमी म्हणाली. "तेवढंच."

शेठाणींनी मान फिरवली. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या, जणू समुद्र त्यांनी आजच पाहिला.

मग रखमीने बाटली उघडली. वास स्वयंपाकघरभर पसरला. लुगड्याचा फडका बुडवून पिळला आणि तिने मिक्सरशेजारची ती एक टाइल पुसायला घेतली. हळू, सांध्यावर न थांबता. पाच मिनिटं उभी राहिली. शेठाणींना वाटलं, लागली कामाला, बरं झालं, आणि त्या साडीचा पुडा रखमीच्या बाजूला सरकवायला लागल्या. रखमी मागच्या दाराने जाऊन एसीच्या बादलीतलं पाणी घेऊन आली, फडका फिरवला, कोरड्याने टिपलं. धुरकट भिंतीत ती एकच टाइल हिरवीगार उघडी पडली, आणि तिच्यावर तो जुना करंगळीएवढा ओरखडा आता लांबूनही दिसायला लागला.

मग तिने काचेजवळ तोंड नेलं आणि मोठा, पोटातून 'हा' केला. वाफ बसली. कडेपासून मधोमध एकसारखी उडून गेली.

"या," ती वळून म्हणाली. "हुंगा. त्या दिवशी हुंगलं होतं ना? चार वर्षं ह्या भिंतीवर हाच श्वास टाकलाय मी."

कुणी जागचं हललं नाही. रखमीने बाटलीला बूच लावलं, फडका पिळून खांद्यावर टाकला.

"अगं, आणि बाकीच्या?" शेठाणींचा आवाज चिरकला. "चार वाजता येतील ती लोकं!"

"ही मी बिघडवलेली," रखमी म्हणाली. "बिघडवली त्याच दिवशी तुम्हाला येऊन सांगितली, आणि आज पुसली. बाकीच्या मी बिघडवल्या नाय. ज्यांनी बिघडवल्या, त्यांनी तोंड उघडावं."

साडी ओट्यावरच राहिली. रखमी आली तशीच बाटली हातात घेऊन आळीतून परत गेली. घरी पोचली तेव्हा तानी ओसरीवर वाटच बघत होती. तिने रखमीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पितळेचा टोप पुढे केला. रखमीने तो नुसता विसळला आणि पालथा घातला.